बरणीतलं आणि पोटातलं

एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. मानवी बुद्धीची सगळी इमारत या एका विटेवर उभी आहे, आणि महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मी ही वीट वर्षानुवर्षं पोरांच्या हातात देत आलो आहे. पोरं ती परीक्षेपुरती धरतात आणि मग खाली ठेवतात. आमच्या घरी ती एका भर दुपारी निखळली. निखळवणारीचं वजन धड तीन किलोही नव्हतं.

माझी बायको जनावरांची डॉक्टर आहे. खाली दवाखाना, वर घर. लग्नाआधी मी तिला नावाने हाक मारायचो. दवाखाना निघाल्यावर लोकांसमोर ‘डॉक्टर’ म्हणायला लागलो, आणि लोक गेल्यावरही तेच राहिलं. कुत्री, मांजरं, एखादं कासव, असा तिचा पसारा. त्यातलं निम्मं काम म्हणजे मांजरींची ऑपरेशनं, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ती. हे ऑपरेशन ती डोळे मिटून करू शकते असं आमचा कंपाउंडर सगळ्यांना सांगतो. असं सांगू नकोस, लोक घाबरतात, हे तिने त्याला अनेकदा बजावलंय.

तिची एक पद्धत आहे. काढलेलं गर्भाशय ती मालकाला दाखवते. दवाखाना नवा असताना एका गृहस्थांनी विचारलं होतं, “आत खरंच काही केलंत, की नुसतं चिरून शिवलंत?” तेव्हापासून हा कार्यक्रम सुरू झाला. स्टीलच्या ट्रेमध्ये ती ते ठेवते आणि पुढे करते. बहुतेक मालक छताकडे बघत “दिसलं, दिसलं” म्हणतात. दिसायला ते अगदी साधं असतं. गलोलीच्या बेचक्यासारखं, दोन बारीक शिंगं आणि खाली आखूड दांडा, रंग फिका गुलाबी. ज्याच्यापायी गल्लीतले बोके गळा काढून रडतात ते एवढंसं असतं, हे बघून पुरुष मंडळी जरा गंभीर होतात. मग ते फॉर्मालिनच्या बरणीत जातं, बरणीवर मांजराचं नाव चिकटतं, आणि टाके निघेपर्यंत बरणी आतल्या खोलीतल्या फळीवर राहते. या फळीमुळे आमच्या घरात खायची कुठलीच वस्तू बरणीत ठेवायची सोय उरलेली नाही. बिस्किटं आम्ही डब्यात ठेवतो.

शाईला एका सकाळी घेऊन आले ते निवृत्त परीक्षा नियंत्रक आणि त्यांच्या पत्नी. पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणते. नियंत्रकांना मात्र कोणी काका म्हणत नाही. शाई म्हणजे त्यांची मांजर, नखशिखांत काळी. वर्षापूर्वी पिल्लू असताना खिडकीतून आत आली आणि राहिली. आता माजावर आली होती आणि नियंत्रकांच्या झोपेची वाट लागली होती.

“एकदा तरी पिल्लं होऊ द्यायला हवी होती हिला,” काकू म्हणाल्या.

“कशासाठी?” नियंत्रकांनी विचारलं.

“तिला बरं वाटलं असतं.”

“तुला बरं वाटलं असतं. तिला विचारलंयस?”

डॉक्टरने सांगितलं की पिल्लं होण्याचा आणि बरं वाटण्याचा काही संबंध नाही. काकूंनी मान हलवली आणि शाईच्या कानात “माफ कर गं बाई” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं.

“कानाच्या टोकाला बारीकसा छेद देऊ का?” डॉक्टरने विचारलं. “भूल असतानाच देते. ऑपरेशन झालंय हे लांबून कळतं.”

“नको,” नियंत्रक म्हणाले. “ती काय मतदान करून आलीये, खूण घेऊन हिंडायला? तिला तिची खूण आहे.” त्यांनी शाईची शेपटी उचलली आणि टोक चिमटीत धरून दाखवलं. टोकाशी हाडाला गाठ होती, शेपटी तिथे एका बाजूला वळलेली. “हे लिहून घ्या. चेहरा फसवतो, खूण फसवत नाही. तीस वर्षं मी डमी उमेदवार पकडलेत. भावाच्या जागी भाऊ बसतो, फोटो जुळतो, सही जुळते. मी मनगटावरचा तीळ बघायचो.”

डॉक्टरने खूण लिहून घेतली. शाईने तेवढ्यात कंपाउंडरचं मनगट फाडलं, म्हणजे आता त्यालाही ओळखीची खूण झाली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. ट्रे दाखवला गेला. काकूंनी डोळे मिटले, नियंत्रकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. शाई गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालून, पोटावरचे केस साफ करून, मधोमध निळ्या दोऱ्याचे टाके घेऊन घरी गेली. त्या दिवशी दवाखान्यात दुसरं ऑपरेशन नव्हतं. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

टाके काढायच्या दिवशी नियंत्रक दुपारी आले, दवाखाना बंद असतो त्या वेळात, कारण इतर वेळी कुत्री असतात. मी वर वामकुक्षीच्या तयारीत होतो. खालून डॉक्टरने हाक मारली.

“अरे, जरा खाली ये.”

तिची हाक नेहमी वरच्या पट्टीत असते. ही अगदी सरळ होती, कुणी झोपलेलं उठू नये अशी. मी चप्पल न घालताच उतरलो.

टेबलावर शाई उताणी पडली होती. तिला कोणी धरलेलं नव्हतं. मागच्या खेपेला तिघांना नाचवणारी मांजर चारही पाय सैल सोडून पडली होती आणि डॉक्टरकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. डॉक्टर दोन बोटांनी तिच्या पोटावरचे केस बाजूला करत होती, थोडं पुढे सरकत होती, पुन्हा केस बाजूला करत होती. आपण गादीत हरवलेली सुई शोधतो तसं.

केस दाट होते. सगळीकडे सारखे, चकचकीत, काळे. टाके नव्हते. टाक्यांची वळं नव्हती, चिराही नव्हता.

“कॉलर हिने दुसऱ्याच दिवशी काढून टाकली,” नियंत्रक म्हणाले. “पलंगाखाली सापडली. टाकेही हिनेच काढले असतील असं मी धरून चाललो होतो. पण केस?”

“इतक्या दिवसांत एवढे केस येत नाहीत,” डॉक्टर म्हणाली.

“आलेत की.”

कंपाउंडर कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. तिथला ओरखडा अजून पुरता सुकला नव्हता, खपली होती. मांजरीने त्याला केलेली जखम शिल्लक होती. डॉक्टरने मांजरीला केलेली नव्हती.

डॉक्टरने सोनोग्राफीचं यंत्र ओढून घेतलं. पोटावर जेल लावलं, दांडी टेकवली. खोलीत फ्रीजची घरघर तेवढी चालू होती. पडद्यावर करडं धुकं आलं, हललं, स्थिर झालं, आणि त्यात एक काळा गोल उमटला. गोलात दाणाभर काहीतरी होतं आणि ते लुकलुकत होतं. डॉक्टरने हात सरकवला. दुसरा गोल. पुन्हा लुकलुक.

“चार,” ती म्हणाली. तिने ते कुणालाही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं.

“चार काय?” नियंत्रकांनी विचारलं.

“पिल्लं.”

नियंत्रकांनी चष्मा काढला, पुसला आणि लावला. “मग मला ट्रेमध्ये दाखवलंत ते काय होतं?”

डॉक्टर आतल्या खोलीत गेली आणि बरणी घेऊन आली. शाईच्या शेजारी टेबलावर ठेवली. बरणीवर ‘शाई’ लिहिलेलं होतं, अक्षर डॉक्टरचं होतं. आतल्या पाण्यात ते बेचकं तळाशी तिरकं पडलं होतं. शाई उठून बसली. तिने बरणीच्या काचेचा वास घेतला, अगदी सावकाश, आणि मग मागे सरकून टेबलाच्या कडेला जाऊन बसली. बरणीकडे पाठ करून.

मी तर्कशास्त्राचा माणूस. असल्या वेळी गप्प राहणं मला शोभलं नसतं. “दोन मांजरी असतील,” मी म्हणालो.

नियंत्रक माझ्याकडे, ज्याला पेपरच समजलेला नाही अशा विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघत राहिले. मग त्यांनी शेपटी उचलली आणि टोक चिमटीत धरलं. गाठ होती. शेपटी तिथेच, त्याच बाजूला वळलेली होती.

“यातलं एक खोटं आहे,” ते म्हणाले. “बरणीतलं किंवा पोटातलं. कुठलं ते तुम्ही सांगा. मी तक्रार करणारा माणूस नाही. मी चौकशी करणारा माणूस आहे.”

ते बास्केट उचलून गेल्यावर कंपाउंडर म्हणाला, “मॅडम, केलंय आपण. मी स्वतः पाय धरले होते.”

“हिचे?”

“म्हणजे... मांजराचेच.”

त्या दुपारी डॉक्टर जेवली नाही. तिला कशाची भीती वाटत होती ते मला ठाऊक होतं, आणि ती भीती मांजरीची नव्हती. तक्रारीची तर नव्हतीच.

माझ्या सासूबाई मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या झाल्या, एका सकाळी त्या नीट तयार होऊन शाळेत गेल्या आणि पाचवीच्या वर्गावर शिकवायला उभ्या राहिल्या. तास चांगला झाला म्हणतात. शेवटी मात्र त्यांनी पोरांना विचारलं, माझी मुलगी या वर्गात होती, ती आज का आली नाही. मुलगी तेव्हा स्वतःचा दवाखाना चालवत होती. त्यानंतर सासूबाई आमच्याकडे होत्या, आणि शेवटची काही वर्षं त्या डॉक्टरला ‘अहो बाई’ म्हणायच्या, फार अदबीने. डॉक्टर आता त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. चष्मा कुठे ठेवला हे आठवलं नाही तरी तिचा चेहरा उतरतो. मी दिवसातून तीनदा चष्मा हरवतो, पण माझ्याबद्दल कुणाच्याच अपेक्षा नाहीत.

“अरे, मला सगळं आठवतंय,” ती म्हणाली. “भूल किती दिली ते. डावं अंडाशय जरा चिकटून बसलं होतं ते. शेवटच्या टाक्याला दोरा आखूड पडला होता ते. सगळं आठवतंय आणि झालेलं काहीच नाही. आईलाही तो तास नीट आठवत होता.”

“बरणी आहे ना.”

“बरणी कुठल्याही मांजराची असेल. नाव काय, मी लिहिलं.”

मी रोज ज्या विटेवर उभा राहून बोलतो ती वीटच पायाखाली नव्हती.

तिने ऑपरेशनं थांबवली. लोकांना सांगितलं, यंत्र बिघडलंय. तपासायला येणाऱ्या जनावरांना ती बघायची, पण सुई टोचायच्या आधी कंपाउंडरला दोनदा विचारायची, कुठलं औषध भरलंय. त्याला हा आपला अपमान वाटायला लागला. दुपारी मी वरून उतरलो की ती आतल्या खोलीत फळीसमोर स्टुलावर बसलेली असायची. दिवा लावलेला नसायचा. बरण्यांतलं पाणी खिडकीच्या उजेडात पिवळसर दिसायचं. माझी चाहूल लागली की ती विचारायची, “मी आत्ता दार लावलं का?” दार लावलेलं असायचं. ते तिनेच लावलेलं असायचं.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला.

“डॉक्टर, टाके परत आलेत.”

“म्हणजे?”

“शाईच्या पोटावर. निळे. केसही नाहीत तिथे. आत्ता सकाळी माझ्या पायाशी लोळली तेव्हा बघितले. यांना दाखवायला हाक मारली तर हे आंघोळीला, आणि ती खिडकीतून गेली.”

आम्ही गेलो. कामं आटोपून पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्यांचं घर तळमजल्यावर, पुढे रस्त्याकडे एक खिडकी, मागे स्वयंपाकघरात दुसरी. दोन्ही मांजरासाठी उघड्या. शाई स्वयंपाकघरात ओट्याखाली बसली होती, पाय अंगाखाली घेऊन, समोर बघत. डॉक्टरने तिला उचललं. तिने उचलू दिलं. पोटावरचे केस दाट होते. आणि पोट थोडं गोल झालं होतं.

“सकाळी होते,” काकू म्हणाल्या. “मी शप्पथ घेऊन सांगेन.”

“शपथेची गरज नाही,” नियंत्रक म्हणाले. “तुला चष्मा लागलाय, तू लावत नाहीस.”

“तुमच्या आंघोळीला कुठे चष्मा लागतो? एक दिवस लवकर उरकली असती तर तुम्हालाही दिसलं असतं.”

नियंत्रक बाहेरच्या खोलीत गेले तसा काकूंनी आवाज खाली आणला. “डॉक्टर, तुम्ही हसाल. मी यांना बोलले नाही. सकाळची शाई वेगळी असते आणि दुपारची वेगळी. आज नाही, आधीपासून. सकाळची ओळख देते. अंगावर येते, ओरबाडते, भांडते. दुपारची नुसती बघते. सकाळी मी तिला ‘अगं’ म्हणते आणि दुपारी ‘अहो’ म्हणते. ठरवून नाही, तोंडातून आपोआप येतं.”

शाई डॉक्टरच्या हातात होती. तिने मान वळवून काकूंकडे बघितलं, मग डॉक्टरकडे, मग परत समोर. त्या भर दुपारच्या उकाड्यात माझ्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं, आणि मी पंखा चालू आहे का ते बघितलं. बंद होता.

“काकू,” डॉक्टरने विचारलं, “दोन मांजरी असतील असं नाही ना वाटत तुम्हाला?”

“छे. मला कळलं नसतं का? वर्षभर मी खायला घालतेय, दोन कधी दिसल्या नाहीत. आणि ती गाठ आहे ना शेपटीला.” त्या थांबल्या. “मला वाटतं, आपण तिचं जे काढलं ते तिला रुचलं नाही. म्हणून दुपारी ती ते परत घेते.”

नियंत्रक दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. “हे बघा डॉक्टरबाई,” ते म्हणाले, “आता घरातलं माणूस असं बोलायला लागलंय. हा विषय संपवायला हवा. तुम्ही पोट उघडा आणि माझ्यासमोर काय आहे ते दाखवा. गर्भाशय नसेल तर मी तुमची माफी मागेन. असेल तर मी परिषदेला कळवीन, तुमची नोंदणी आहे तिथे. उद्या दुसऱ्या कोणाच्या मांजराचं असं होऊ नये.”

“आत पिल्लं आहेत हो,” काकू म्हणाल्या.

“असतील तर.”

मला वाटलं डॉक्टर नाही म्हणेल. ती म्हणाली, “उद्या दुपारी आणा. उपाशी ठेवा.”

घरी येताना मी तिला रस्त्यातच गाठलं. “वेड लागलंय का तुला? चार पिल्लं आहेत तिच्या पोटात. आपण दोघांनी बघितलीयेत.”

“वेड लागलंय का, हेच तर बघायचंय.” ती थांबली नाही. “दुसऱ्या कुणा डॉक्टरला दाखवलं तर तो सांगेल ते मी ऐकीन, आणि मग मला वाटेल मी नीट ऐकलं नाही. मला माझ्या हाताने बघायचंय. आत गर्भाशय असलं तर मी दवाखाना बंद करणार. त्याच दिवशी. कुणाच्या तरी जिवंत जनावराला मी काय करून ठेवलं हे मला माहीत नसेल, तर हातात चाकू धरायचा नाही.”

मी तर्काने काहीतरी म्हणणार होतो. तिचं तर्कशास्त्र माझ्यापेक्षा बरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नियंत्रक ठरल्या वेळी आले. काकू आल्या नव्हत्या. त्या बघू शकणार नव्हत्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कंपाउंडरने दार आतून लावलं. डॉक्टरने टोपी बांधली, हात धुतले, बराच वेळ धुतले. भुलीचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि कंपाउंडरला विचारलं काय भरलंय. त्याने औषधाचं नाव सांगितलं, नाक वर करून. बरणी तिने स्वतः आणून टेबलाच्या टोकाशी ठेवली होती.

बास्केट उघडली. उपाशी ठेवायचं म्हणून तिला सकाळीच आत कोंडलं होतं, तरी शाई बाहेर आली नाही, तिला काढावी लागली. तिने कंपाउंडरच्या दुसऱ्या मनगटाचा समाचार घेतला. त्याने तिला मानगुटीला धरून कुशीवर पाडलं आणि डॉक्टरने मागचा पाय उचलला.

पोटाची कातडी उघडी होती, गुलाबी-करडी, केसांची नुकती खुंटं आलेली. मधोमध निळे टाके होते.

डॉक्टर वाकली. शेवटच्या टाक्याचा दोरा इतरांपेक्षा आखूड होता. गाठ डावखुऱ्या माणसाने मारलेली होती. आमच्या घरात एकच माणूस डावखुरं आहे.

तिने यंत्र ओढलं. दांडी पोटावर फिरत राहिली, वर, खाली, पुन्हा वर. पडद्यावर करडं धुकं आलं. काळे गोल आले नाहीत. काही लुकलुकलं नाही. चार पिल्लं होती, आणि आता नव्हती, आणि ती जिथे होती ती जागाही नव्हती.

“अरे,” डॉक्टर मला म्हणाली, “तुला काय दिसतंय?”

“टाके.”

“आणि आत?”

“काही नाही.”

“त्या दिवशी चार होती ना? तूही बघितलीस ना?”

“बघितली.”

“म्हणजे वेड लागलं असेल तर दोघांनाही,” ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. तिचे धुतलेले हात तिने समोर धरले होते, कशाला लागू नयेत असे, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात हात रिकामे धरून बसलेली ती मी कधीच पाहिली नव्हती. सासूबाईंच्या वेळीही नाही.

नियंत्रकांनी शेपटीचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. “खूण आहे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा म्हातारा वाटला. “पिल्लं कालपर्यंत होती. नाही का? तुम्ही म्हणाला होतात.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कानाने कमी येतं, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकून बोलतात. काकू होत्या.

“अहो, तुम्ही बास्केट रिकामीच घेऊन गेलात की काय?”

“का?”

“शाई इथेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलीये. माझ्याकडे बघतेय.”

आम्ही सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलावरच्या शाईने कान मागे टाकले होते. फोनमधून काकूंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे घरातल्या घड्याळाची टिकटिक. कंपाउंडरचा हात तिच्या मानेवरून सुटला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

“हॅलो,” काकू म्हणाल्या. “अहो, ऐकताय ना? मी तिला काय सांगू?”

नियंत्रकांनी खाकरून घेतलं. “बस म्हणावं,” ते म्हणाले. “आम्ही येतोय.”

मग भर उन्हात आमची वरात निघाली. पुढे नियंत्रक, त्यांच्या हातात छातीशी धरलेली बास्केट, तिच्यात गुरगुर. मागे डॉक्टर, डोक्यावर ऑपरेशनची टोपी तशीच. तिच्यामागे मी. कंपाउंडर म्हणाला मी दवाखाना सांभाळतो, आणि आम्ही बाहेर पडताच आतून कडी लावली. नियंत्रक मध्येच थांबून बास्केटच्या जाळीतून आत बघायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

काकूंनी दार उघडलं आणि बोटाने आत दाखवलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत शाई बसली होती. पाय अंगाखाली घेऊन, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. नियंत्रकांनी बास्केट ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. त्यातून शाई बाहेर आली, अंग झटकलं आणि बसली. दोघींमध्ये दोन हातांचं अंतर होतं. एकीने दुसरीकडे पाहिलं नाही. सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं शेजारी बसून बोलणं टाकलेली माणसं असतात, तशा बसल्या होत्या.

नियंत्रकांनी ओट्यावरचीची शेपटी उचलली. गाठ. खिडकीतलीची उचलली. गाठ, त्याच बाजूला. पुन्हा पहिलीची. मग ते खुर्ची ओढून बसले.

“दोघींना एकच खूण कशी?”

“बहिणी असतील,” डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत होता. “एकाच खेपेची पिल्लं. शेपटीची गाठ घराण्यातच येते.”

हे तिला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. इतक्या दिवसांत तिला ते आठवलं नव्हतं, आणि न आठवण्याचं कारण एवढंच की ती घाबरलेली होती. मला ते माहीत नव्हतं, पण दोन वस्तू एकसारख्या दिसल्या म्हणून एक होत नाहीत हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो.

“वर्षभर,” काकू म्हणाल्या. “वर्षभर एकमेकींसमोर कशा नाही आल्या?”

“मांजरं वेळा वाटून घेतात. एकीची सकाळ, एकीची दुपार. पटत नसलं की भांडण्यापेक्षा ते बरं पडतं.”

काकूंनी नियंत्रकांकडे पाहिलं. नियंत्रक दोन्ही मांजरींकडे आळीपाळीने बघत होते. “माफी मागायची राहिलीये माझी,” ते म्हणाले.

“नंतर मागा. आधी हिला धरा,” डॉक्टर म्हणाली. “टाके काढायला उशीर झालाय.”

तिच्या खिशात कात्री आणि चिमटा होता. नियंत्रकांनी सकाळच्या शाईचे पुढचे पाय धरले, मी मागचे धरले, आणि दोघांनीही ओरखडे घेतले. डॉक्टरने एकेक टाका उचलून कापला आणि ओढून काढला. हात अजिबात हलत नव्हता. शेवटचा, आखूड दोऱ्याचा, तिने चिमट्यात धरून उजेडाकडे केला, थोडा वेळ बघितला आणि बेसिनमध्ये टाकला. दुसरीचं ऑपरेशन पिल्लं दुधावरून सुटली की करू, तिने सांगितलं. उद्यापासून ऑपरेशनं सुरू आहेत, तीन खोळंबलीयेत.

सोडल्याबरोबर सकाळची शाई खाली उडी मारून वाटीपाशी गेली, खाल्लं, आणि पुढच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडली. ती गेल्याची खात्री झाल्यावर दुपारची शाई खिडकीतून उतरली आणि त्याच वाटीत तोंड घातलं. काकूंनी फ्रीज उघडला, आत बघितलं आणि बंद केला.

“तरीच,” त्या म्हणाल्या, “दूध पुरत नव्हतं.”